विश्लेषण : डेटा सुरक्षित, पण सेवा ठप्प! मग नुकसान कुणाचे?

एखादी बँक, विमान कंपनी किंवा सरकारी संकेतस्थळ काही तास ठप्प झाले की नंतर येणाऱ्या खुलाशात एक वाक्य हमखास असते. ग्राहकांचा डेटा सुरक्षित आहे! बहुतेक वेळा ते खरेही असते. पण डेटा सुरक्षित असून गरजेच्या वेळी हाती येत नसेल तर त्या सुरक्षिततेचे करायचे काय, याबद्दल खुलाशात काही नसते. डेटाबेस सर्व्हर बंद पाडू शकणाऱ्या त्रुटींना संगणक सुरक्षेत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणजे सेवा-नकाराच्या त्रुटी म्हणतात. त्यांना दुय्यम मानण्याची सवय तंत्रज्ञांना आहे, व्यवस्थापकांना आहे आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर मुकाट ऐकून घेणाऱ्या आपल्यालाही आहे. ही सवय किती महागात पडू शकते हे २५ जानेवारी २००३ रोजी अवघ्या ३७६ बाइटच्या एका प्रोग्रामने जगाला दाखवले. त्यातला बराचसा धडा अजून गिरवायचा राहिला आहे.

सेवा-नकार म्हणजे नेमके काय?

माहितीच्या सुरक्षेचे तीन पाय मानले जातात. माहिती नको त्याच्या हाती पडू नये, तिच्यात कुणी परस्पर फेरफार करू नये आणि हक्काच्या माणसाला ती हवी तेव्हा मिळावी. पहिल्या दोन पायांवर बोलणारे पुष्कळ. तिसरा म्हणजे उपलब्धता, आणि सेवा-नकाराचा घाव नेमका तिथेच बसतो.

मोबाइलवरचे ॲप किंवा संकेतस्थळ ही कार्यालयाची खिडकी समजली, तर डेटाबेस सर्व्हर हा आतला दप्तरखाना. खिडकीवरचा कारकून कितीही तत्पर असला तरी दप्तरखान्याचे दार अडकले की त्याच्या हाती काही नसते. हे दार दोन प्रकारे अडकवता येते. एक, हजारो लोकांची खोटी गर्दी करून. यासाठी हल्लेखोराला हजारो यंत्रे हाताशी लागतात. दुसरा प्रकार अधिक स्वस्त. दप्तरखान्यातल्या माणसाला असा एखादा विचित्र प्रश्न विचारायचा की उत्तर शोधता शोधता तोच कोसळावा. असा प्रश्न चालतो तो सॉफ्टवेअरमध्ये मुळात कच्चा दुवा असतो म्हणून. त्याला गर्दी लागत नाही. कधी कधी एकच निरोप पुरतो.

२००२ मध्ये कोणती त्रुटी सापडली?

मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एकाच यंत्रावर या सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती स्वतंत्रपणे चालवता येत. मग बाहेरून येणाऱ्याला आपल्याला हवी ती प्रत कुठे बसली आहे हे कळायचे कसे? त्यासाठी १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटी सेवा बसवली होती. इमारतीच्या फाटकावरच्या रखवालदारासारखी. कुणी विचारले की अमुक बिऱ्हाड तमुक मजल्यावर, इतकेच सांगायचे.

ही विचारणा यूडीपी या पद्धतीने होई. इंटरनेटवर निरोप पाठवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. टीसीपी ही पोचपावतीसह केलेल्या रजिस्टर टपालासारखी. दोन्ही बाजूंनी आधी ओळख पटवायची, मग मजकूर. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. लिहिले आणि पेटीत टाकले. ते झटपट जाते, पण पाठवणाऱ्याचा पत्ता खरा की खोटा हे कुणी तपासत नाही.

ब्रिटनमधील सुरक्षा संशोधक डेव्हिड लिचफिल्ड यांना या रखवालदारात खोट सापडली. मायक्रोसॉफ्टने २४ जुलै २००२ रोजी त्यावरचा पॅच आणि सुरक्षा-सूचना प्रसिद्ध केली. सूचनेत एकाच सेवेतल्या तीन त्रुटी होत्या. दोन त्रुटी ठरावीक जागेत जास्त मजकूर कोंबण्याच्या. छापील अर्जात नावासाठी वीस चौकटी असाव्यात, कुणी दोनशे अक्षरे लिहावीत आणि ती ओसंडून थेट ‘कार्यालयीन वापरासाठी’ असलेल्या रकान्यात शिरावीत. कारकुनाने तोही मजकूर साहेबांचा शेरा समजून अमलात आणावा, तसे काहीसे. अशा ओसंडण्यातून हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा त्या यंत्राकडून पाळून घेता येत होत्या.

तिसरी त्रुटी निव्वळ सेवा-नकाराची होती आणि तिची गंमत तिच्या साधेपणात होती. समोरचा सर्व्हर जागा आहे का हे पाहण्यासाठी एकच ठरावीक बाइट पाठवायचा आणि समोरच्याने तोच बाइट परत धाडायचा, असा संकेत होता. आता पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून दुसऱ्याच डेटाबेस सर्व्हरचा पत्ता टाकला तर? पहिला सर्व्हर दुसऱ्याला उत्तर देणार. दुसऱ्याला ते उत्तर म्हणजे नवी विचारणा वाटणार, म्हणून तोही उत्तर देणार. ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ म्हणत दोघेही दारातच उभे, आणि घरातली कामे पडून. खोडी काढणारा केव्हाच निघून गेलेला असतो, तरी यांचे सुरूच. कुणीतरी एक सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करेपर्यंत.

दहा मिनिटांत काय घडले?

पॅच निघून सहा महिने झाले होते. २५ जानेवारी २००३, शनिवार. भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास ‘स्लॅमर’ नावाने पुढे ओळखला गेलेला एक वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला. मजकूर ओसंडण्याच्या त्रुटींपैकी एक त्याने वापरली. लिचफिल्ड यांनी लास व्हेगासमधील ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत प्रात्यक्षिकासाठी दाखवलेल्या कोडचा आराखडाच त्यात आढळला. त्रुटी सिद्ध करून दाखवणारे कोड जाहीर करावे की नाही, या वादाला त्यामुळे नवी धार आली. वर्म कुणी लिहिला हे मात्र आजतागायत उघड झालेले नाही.

स्लॅमर ३७६ बाइटचा होता. हा परिच्छेद जागा व्यापतो त्याहूनही कमी. एकाच यूडीपी पॅकेटमध्ये तो अख्खा मावे. समोरच्याच्या ओळखीची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. बाधित सर्व्हर कोणताही पत्ता मनाला येईल तसा निवडून तिकडे एक प्रत फेकी, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे, आणि नेटवर्कची जोडणी झेपेल तितक्या वेगाने हे चाले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी नंतर केलेल्या अभ्यासानुसार सुरुवातीला बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. त्याच्या दीड वर्ष आधी गाजलेल्या ‘कोड रेड’ला दुप्पट व्हायला सुमारे ३७ मिनिटे लागत. तीन मिनिटांत साऱ्या बाधित यंत्रांचा मिळून वेग सेकंदाला साडेपाच कोटी पॅकेटच्या पुढे गेला. दहा मिनिटांत जगातल्या असुरक्षित सर्व्हरपैकी ९० टक्के गाठले गेले होते. किमान ७५ हजार यंत्रे. अधिकाऱ्याला झोपेतून उठवून कार्यालयात आणण्याइतकाही वेळ मिळाला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

आणि या वर्मने चोरले काय? काहीही नाही. त्याने एकही फाइल पुसली नाही, एकही पासवर्ड बाहेर नेला नाही, डिस्कवर तो स्वतःची प्रतही ठेवत नव्हता. सर्व्हर बंद करून सुरू केला की तो नाहीसा होई, आणि पॅच नसेल तर लगेच पुन्हा येई. त्याने केले ते एवढेच की स्वतःच्या प्रतींनी रस्ते भरून टाकले.

तेवढ्याने काय झाले ते पाहा. बँक ऑफ अमेरिकाच्या १३ हजार एटीएमपैकी बहुतांश यंत्रांवर व्यवहार होईनात. काँटिनेंटल एअरलाइन्सची तिकीट यंत्रणा अडखळली, विमाने रद्द करावी लागली, काहींना उशीर झाला. दक्षिण कोरियात शनिवारी भर दुपारी देशभर इंटरनेट कोलमडले. सिएटल शहराच्या उपनगरात ९११ या आपत्कालीन क्रमांकावर येणारे फोन नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे संगणक निकामी झाले. १४ अग्निशमन दले आणि दोन पोलीस विभाग त्यांच्यावर अवलंबून होते, सुमारे ६ लाख ८० हजार लोकवस्तीसाठी. कर्मचाऱ्यांनी कागद-पेन्सिल हाती घेतली.

ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज प्रकल्पातली घटना याहून गंभीर. तिथे प्रकल्पाच्या नेटवर्कला फायरवॉल होती आणि तिने १४३४ पोर्ट अडवलेलाही होता. पण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कमधून आलेली जोडणी त्या फायरवॉलला वळसा घालून थेट आत जात होती. वर्म तिकडून शिरला. अणुभट्टीच्या सुरक्षेची महत्त्वाची मापे कर्मचाऱ्यांना एकत्र दाखवणारी संगणक यंत्रणा जवळपास पाच तास बंद राहिली. अणुभट्टी आधीपासूनच दुरुस्तीसाठी बंद होती आणि जुन्या पद्धतीचे मापक शाबूत होते, म्हणून निभावले.

पॅच होता, मग लावला का नाही?

‘आळस’ हे यावरचे सोपे उत्तर. ते अपुरे आहे आणि थोडे अन्यायाचेही. डेव्हिस-बेसीतील संगणक अभियंत्यांना असा पॅच निघाला आहे हेच ठाऊक नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत नेटवर्कमधले काही सर्व्हर पॅचविना होते आणि स्लॅमरने त्यांनाही गाठले. ज्यांनी पॅच तयार केला त्यांच्याच घरी ही स्थिती असेल तर एखाद्या मध्यम कंपनीतल्या एकट्या डेटाबेस प्रशासकाला दोष देऊन भागत नाही.

कारणे तीन होती आणि तिन्ही आजही जिवंत आहेत. पहिले, पॅच लावणे हेच जिकिरीचे काम होते. सुरुवातीला फाइली हाताने जागच्या जागी बदलाव्या लागत. आपोआप बसणारी आवृत्ती वर्म पसरल्यानंतर आली. चालू डेटाबेसला हात लावणे ही कुठल्याही कार्यालयात धास्तीची बाब असते. पॅच लावण्यासाठी सेवा थांबवावी लागते, आणि पॅचनंतर वरचे सॉफ्टवेअर चालले नाही तर शिव्या प्रशासकाच्याच वाट्याला. पॅच न लावता काही बिघडले तर मात्र खापर हल्लेखोराच्या डोक्यावर फुटते. माणसे कशी वागतील हे या हिशेबातच ठरून जाते.

दुसरे कारण अधिक चमत्कारिक. अनेकांना आपल्याकडे हा डेटाबेस आहे याचाच पत्ता नव्हता. मायक्रोसॉफ्टने याच इंजिनाची एक हलकी आवृत्ती ‘एमएसडीई’ या नावाने काढली होती. ती ‘व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट’सारख्या साधनांबरोबर येई आणि इतर कंपन्याही ती आपापल्या उत्पादनांत घालून विकत. एखाद्याने भलतेच एखादे सॉफ्टवेअर बसवले, तर त्याच्या पोटात एक डेटाबेस सर्व्हर १४३४ पोर्टवर कान लावून बसलेला. जी वस्तू आपल्या घरात आहे हेच माहीत नाही तिचे कुलूप बदलणार कोण? आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तर इतरांनी लिहिलेले तुकडे एकात एक असे किती खोल बसलेले असतात, ते विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही.

तिसरे, हा पोर्ट बाहेरच्या जगाला दिसण्याचे मुळात काही कारणच नव्हते. दप्तरखान्याला रस्त्याकडे उघडणारा दरवाजा कशाला हवा? तो बंद असता तर पॅच नसूनही बहुतेकांचे रक्षण झाले असते. ‘बसवताना होता तसा’ ठेवलेला दरवाजा उघडा राहिला, एवढेच. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीला २०१६ च्या अखेरीस, म्हणजे तब्बल १३ वर्षांनी, स्लॅमरची पॅकेट पुन्हा वाढलेली दिसली होती.

हा जुना इतिहास झाला. आज काय?

आज तऱ्हा वेगळी आहे, रोग तोच. ‘मेमकॅश्ड’ हे डेटाबेसवरचा भार हलका करण्यासाठी वारंवार लागणारी माहिती मेमरीत धरून ठेवणारे लोकप्रिय सॉफ्टवेअर. तेही यूडीपीवर उत्तरे देत असे. फेब्रुवारी २०१८ मध्ये हल्लेखोरांनी पाठवणाऱ्याच्या जागी ‘गिटहब’चा पत्ता टाकून जगभरच्या उघड्या मेमकॅश्ड सर्व्हरना प्रश्न विचारले. प्रश्न चिमूटभर आणि उत्तर त्याच्या ५१ हजार पटींपर्यंत मोठे. ही सारी उत्तरे गिटहबच्या दारात येऊन पडली. सेकंदाला १.३५ टेराबिट. तोवर नोंदवला गेलेला तो सर्वांत मोठा हल्ला होता, पण गिटहबची सेवा दहा मिनिटांच्या आत सावरली, कारण ओघ वळवण्याची व्यवस्था तयार होती. मेमकॅश्डच्या पुढच्या आवृत्तीत यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आले. पंधरा वर्षांपूर्वीच्या खोट्या पत्त्याच्या पोस्टकार्डाचीच ही मोठी आवृत्ती.

अलीकडचे उदाहरण ‘रेडिस’चे. हाही मेमरीत चालणारा डेटाबेस, असंख्य ॲपच्या मागे तो असतो. एप्रिल २०२५ मध्ये त्यातली एक त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२५-२१६०५ या क्रमांकाने. रेडिस प्रत्येक ग्राहकासाठीची उत्तरे पाठवण्यापूर्वी मेमरीत साठवतो. साध्या ग्राहकासाठी या साठ्याला मूळ मांडणीत मर्यादाच नव्हती. ग्राहकाने प्रश्न विचारत राहायचे आणि उत्तरे उचलायचीच नाहीत. ढीग वाढत जातो, मेमरी संपते, सर्व्हर कोसळतो. यातला खरा विनोद पुढे आहे. पासवर्ड लावलेला असला तरी फरक पडत नव्हता! पासवर्डशिवाय आलेल्याला ‘आधी ओळख पटवा’ असे उत्तर जाई, आणि त्या नकारांचाच ढीग साचत जाई. न आलेल्या पाहुण्याला ‘आत येऊ नका’ अशा चिठ्ठ्या लिहून लिहून घर भरून टाकावे, तसे. ही खोट २.६ या आवृत्तीपासूनची होती, म्हणजे बारा वर्षांहून जुनी. ६.२.१८, ७.२.८ आणि ७.४.३ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली.

मग अशा त्रुटीला दुय्यम कोण ठरवते?

गुणपत्रिका नव्हे, ती वाचणारे. त्रुटींची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएस या मोजपट्टीच्या ३.१ आवृत्तीत दुरून, ओळख न पटवता सर्व्हर पूर्ण बंद पाडता येत असेल आणि बाकी काही साधत नसेल, तर १० पैकी ७.५ गुण मिळतात. रेडिसच्या या त्रुटीलाही तेवढेच होते. डेटा चोरणे, बदलणे आणि बंद पाडणे हे तिन्ही जमत असेल तर ९.८. पहिली ‘उच्च’, दुसरी ‘अतिगंभीर’. निव्वळ डेटा वाचता येत असेल, बदल किंवा बंद काहीच जमत नसेल, तर त्यालाही ७.५ च. म्हणजे मोजपट्टी चोरी आणि ठप्प होणे यांना एकाच पंक्तीत बसवते.

कार्यालयात मात्र पंक्तिभेद सुरू होतो. ‘अतिगंभीर आधी’ हा नियम समजण्यासारखा आहे, माणसे मोजकी असतात. पण ७.५ च्या रांगेत पोहोचल्यावर ‘डेटा जात नाही ना? मग पुढच्या तिमाहीत पाहू’ असे म्हटले जाते. हॉस्पिटलच्या नोंदी किंवा रेशन वाटपामागचा डेटाबेस असेल तर हा क्रम उलटा असायला हवा. रुग्णाच्या रक्तगटाची माहिती बाहेर फुटणे वाईटच, पण शस्त्रक्रियेच्या टेबलाशी ती न मिळणे त्याहून वाईट. कुठली सेवा किती वेळ थांबली तर कुणाचे काय अडते, हे त्या सेवेच्या मालकाला ठाऊक असते, मोजपट्टीला नाही. ते ठरवण्याचे काम संगणक विभागावर सोडून देणे ही सोय आहे, व्यवस्थापन नव्हे.

हल्लेखोर नसतानाही सेवा नाकारली जाते?

होय, आणि भारताला याचा अनुभव ताजा आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारीच, देशभर यूपीआय व्यवहार सुमारे पाच तास अडखळले. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, तपासात यामागे कुणी हल्लेखोर निघाला नाही. काही बँकांच्या यंत्रणा ‘आधीच्या व्यवहाराचे काय झाले’ अशी विचारणा पुन्हा पुन्हा करत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलही. त्या विचारणांच्या लोंढ्याखाली व्यवस्था गुदमरली. व्यवहार अडकला की बँकेची यंत्रणा विचारते, उत्तर उशिरा आले की पुन्हा विचारते, त्यामुळे उत्तर आणखी उशिरा येते. २००२ मधल्या त्या दोन सर्व्हरच्या नमस्कारांची आठवण यावी.

ही डेटाबेस सॉफ्टवेअरमधली त्रुटी नव्हती हे खरे. पण रेडिसमध्ये जे चुकले तेच इथे चुकले. कुणी किती वेळा विचारावे याला मर्यादा एक तर ठेवलेली नव्हती किंवा पाळली जात नव्हती. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना विचारणांची संख्या आणि त्यांमधले अंतर ठरवून दिले. १ ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकालाही एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते. यावर तेव्हा समाजमाध्यमांवर चेष्टा झाली. वास्तविक तो या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणक वापरू न देणे हे नुकसानीच्या कृत्यांत स्पष्टपणे येते. ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ही तरतूद दार अडवणाऱ्यासाठी आहे. दाराची कडी मोडकी आहे हे सहा महिने माहीत असून न बदलणाऱ्याला ती हात लावत नाही.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक झाले. त्या यादीत सेवा-नकाराचे हल्ले आहेत आणि डेटाबेस सर्व्हरवरचे हल्लेही आहेत. कळवायचे ते मात्र सर्ट-इनला, तुम्हा-आम्हाला नव्हे.

फारशी चर्चा न झालेली तरतूद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आहे. ‘डेटा भंग’ म्हणजे काय, हे सांगताना या कायद्याने केवळ डेटा फुटणे धरलेले नाही. डेटापर्यंत पोहोचता न येणे आणि त्यामुळे त्याच्या उपलब्धतेला बाधा येणे हेही त्यात आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे या कायद्याच्या नजरेतून पाहिले तर ‘सेवा बंद होती, पण डेटा सुरक्षित होता’ या वाक्याचा उत्तरार्ध दरवेळी टिकेलच असे नाही. अर्थात हा कायदा वैयक्तिक डेटापुरता आहे, आणि देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवलेला आहे.

मागायचे काय?

सेवा ठप्प झाल्यावर ‘डेटा गेला का?’ एवढेच विचारून थांबू नये. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती चालू होती, तिच्यावर पॅच उपलब्ध होता का, किती दिवसांपासून होता, हे प्रश्न विधिमंडळात, महापालिकेच्या सभेत आणि बँकेच्या भागधारकांच्या बैठकीत विचारता येण्याजोगे आहेत. त्यांना तांत्रिक म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. पूल कोसळल्यावर त्याची शेवटची तपासणी कधी झाली हे विचारायला स्थापत्य अभियंता असावे लागत नाही.

सरकारी निविदांतही दुरुस्तीला जागा हवी. सेवा वर्षात ९९ टक्क्यांहून अधिक काळ चालू राहील अशी अट करारात घातली जाते. पॅच लावण्यासाठी ठरवून घेतलेला बंद काळ त्यातून वगळला नसेल तर कंत्राटदार पॅच टाळणार, कारण पॅचसाठी सेवा थांबवली की त्याचाच टक्का घसरतो. दर महिन्याच्या एखाद्या रात्री दोन तास सेवा जाहीरपणे बंद ठेवायची, त्या वेळात पॅच लावायचे, आणि हा वेळ कुणाच्या माथी मारायचा नाही, असे लिहून टाकणे फार अवघड नाही. सोबत पुरवठादाराकडून एक यादीही घ्यावी. या उत्पादनाच्या पोटात आणखी कोणकोणते डेटाबेस आहेत, त्यांची आवृत्ती कोणती आणि त्यांचा कोणता पोर्ट बाहेरून दिसतो. ती यादी कंत्राट संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी नव्याने मागवावी, आणि तिच्याखाली सही पुरवठादाराबरोबरच खात्याच्या प्रमुखाचीही असावी.